चंदेरीवरून अर्ध्यातून परतलात? भारी!

दोस्तांनो, कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की मोबाइलमधून मान वर काढा. वांगणीच्या आधी दिसणारा तो टोकदार सुळका म्हणजे चंदेरी. रोज दिसतो, म्हणून सोपा वाटतो. घोळ इथेच होतो.

कॅनडाच्या कोस्ट पर्वतरांगेत हिमनद्यांनी वेढलेलं ४,०१९ मीटर उंचीचं माउंट वॉडिंग्टन आहे. डॉन आणि फिलिस मंडे या जोडप्याने वर्षानुवर्षं त्याचा ध्यास घेतला. १९२८ मध्ये ते त्याच्या थोड्या कमी उंचीच्या वायव्य शिखरावर पोहोचले. मुख्य शिखर समोरच होतं, पण धोका ओळखून ते तिथेच थांबले. १९३६ मध्ये ते दुसऱ्यांनी सर केलं. तरी मंडेंना कुणी हरलेले म्हणत नाही.

आपण मात्र भर पावसात, निसरड्या कातळावर ‘इथवर आलोय तर रील काढूनच जाऊ’ म्हणतो. ‘बस झालं’ म्हणणाऱ्याला घाबरट ठरवतो. खरं तर ग्रुपमधला खरा ट्रेकर तोच असतो.

गुहेपर्यंत गेलात आणि वरचा कातळ ओला दिसला म्हणून फिरलात, तर ट्रेक झालाच की! सुळका कुठे पळून जात नाही. थंडीत जाणकार माणूस सोबत घेऊन पुन्हा जा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कुठूनही चढा. लोकल तीच आहे.