पंचनाम्यात न येणारं नुकसान

पोळ्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. अतिवृष्टीचे पंचनामे चालू होते. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि मी, असे तिघं एका शेतकऱ्याच्या बांधावर उभे. सोयाबीन पाण्याखाली. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे हे पाहताक्षणी दिसत होतं. गट नंबर, क्षेत्र, पीक असे सगळे रकाने भरले, सही घेतली आणि पुढचं शेत धरलं.

एक गोष्ट मात्र खटकली होती. गोठ्यातल्या बैलांच्या शिंगांना रंग नव्हता, बेगड नव्हती. हा गडी दरवर्षी खांदमळणीला स्वतः बसणारा, हळद आणि लोण्यानं बैलांचे खांदे चोळणारा. विचारलं तर म्हणाला, "यंदा राहून गेलं, साहेब." पावसापाण्याचे दिवस, राहिलं असेल, म्हणून आम्हीही सोडून दिलं. पुढं महिनाभरानं त्याच्या घरच्या माउलीनं आशाताईला सांगितलं, की मालक रात्ररात्र बसून राहतात, लेकराशीसुद्धा बोलत नाहीत. आशाताईनं त्याच आठवड्यात त्याला जिल्हा रुग्णालयात नेलं, म्हणून निभावलं. आम्ही तिघं मात्र पाहूनही न पाहिल्यासारखे परत आलो होतो. ही माझी चूक मी इथं मान्य करतो.

उदासीचा आजार ओळखायला डॉक्टर नऊ प्रश्नांची एक यादी वापरतात. तिच्यातला पहिलाच प्रश्न असा, की गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यातला रस, आनंद कमी झाला आहे का? कर्ज किती, हे त्यात विचारलेलं नाही. म्हणजे गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवणं, बांधावर बसून खाल्लेली न्याहारी, संध्याकाळी पारावरच्या गप्पा, या गोष्टी गोड लागेनाशा झाल्या, तर ते पानावर पहिला ठिपका दिसण्यासारखं आहे. फवारणी तेव्हाच करायची असते, पीक करपल्यावर नव्हे.

कुणी म्हणेल, भाव पडलेला, बँकेची नोटीस आलेली आणि हा साहेब चहाचा घोट चवीनं घ्या म्हणून सांगतो. राग रास्त आहे. भाव, पाणी आणि वेळेवर कर्ज यांच्या जागी कुणी असला उपदेश देत असेल तर त्याला सरळ परत पाठवा. पण भाव आपल्या हातात नाही म्हणून न्याहारीही हातातून जाऊ द्यावी, हे मला पटत नाही.

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावर काम झालं आहे. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या स्थानिक माणसांनी उदासीच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या. भर होता तो सुटून गेलेली छोटी छोटी, मनाला बरी वाटणारी कामं पुन्हा हाती घेण्यावर. नेहमीच्या उपचारासोबत हे मिळालेले रुग्ण अधिक संख्येनं सावरले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली ते छापून आलं.

आपल्याकडं ही कामं कुठून आणायची गरज नाही. ती आहेतच, फक्त लक्ष दुसरीकडं असतं. हल्ली न्याहारीला एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात बाजारभाव! अहो, सकाळी आठला बाजार समितीत सोयाबीनचा लिलावसुद्धा बहुधा सुरू झालेला नसतो. भाकर खाऊन घ्या, मग बघा.

गावातल्या अधिकाऱ्यांना आणि पोलीस पाटलांना एक विनंती. पंचनाम्याला, वसुलीला, कशालाही दारात गेलात तर पाच मिनिटं जास्त थांबा. जनावरं कशी आहेत, पारावर का दिसत नाही, एवढं विचारा. उत्तर तुटक आलं तर आशाताईच्या कानावर घाला. टेलिमानसचा १४४१६ हा फुकट नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर मात्र त्या माणसाला एकटं सोडू नका, लगेच दवाखाना गाठा.

त्या शेतकऱ्याचं औषध चालू आहे. कर्जही आहेच. परवा त्या वाटेनं गेलो तर गव्हाणीपाशी बसून गोऱ्ह्याची मान खाजवत होता. म्हणाला, "बसा साहेब, चहा ठेवलाय." अजून दोन गावं करायची होती. मोटारसायकल बंद केली आणि बसलो.