गिझरची दुरुस्ती
गिझरची दुरुस्ती वरवर सोपी दिसते, पण ती घरच्या घरी करण्याजोगी नाही. क्षारयुक्त पाण्याने टाकीतल्या कॉइलचे आवरण खाल्ले की वीज पाण्यात उतरते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर नळाला हात लावणाऱ्याच्या ओल्या अंगातून. पुरवठा २३० व्होल्टचा असतो आणि हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचा अगदी लहानसा अंशही पुरतो. म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवतात. एमसीबी हे काम करत नाही. तो जादा भार आणि शॉर्टसर्किट यांच्यासाठी असतो. एमसीबी असला की धक्का बसत नाही, हा गैरसमज शिकल्यासवरल्या घरांतही सर्रास आढळतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणे हा तर निव्वळ अडाणीपणा, कारण थर्मोस्टॅट अडकल्यास वाढलेल्या दाबाला तीच वाट उरते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता घरातले वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. वायरमनला काम सांगण्याआधी परवाना विचारावा आणि तो निघण्यापूर्वी अर्थिंग मोजून घ्यावे.