विम्याचा हप्ता आणि कोळ्याची रोजी

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल समुद्रात सांडले आणि मुंबई-रायगडच्या कोळ्यांची रोजी ऐन हंगामाच्या तोंडावर बुडाली.

अशा अपघातात जहाजमालकाचे नुकसान विमा कंपनी भरून देते. १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार त्याच्या जागी उभी राहून ती रक्कम दोषी जहाजाकडून वसूलही करते. २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने तर थकलेल्या विमाहप्त्यासाठीही जहाज रोखून ठेवता येते. किनाऱ्याच्या हानीमुळे तिऱ्हाइताचे होणारे नुकसानही त्याच कायद्याने दाव्यास पात्र ठरविले आहे. परंतु ज्याच्या होडीचा विमा नाही, हाती सर्वेक्षकाचा अहवाल नाही, वकिलाला द्यावयास पैसा नाही, त्याने या दारापर्यंत पोहोचावे कसे? शिवाय टनभारानुसार आपले दायित्व सीमित करून घेण्याची सवलत जहाजमालकाला आहेच.

पीकविम्याचा अनुभव गाठीशी असलेल्या वैदर्भीय शेतकऱ्याला ही तऱ्हा अपरिचित नाही. नागपूरला समुद्र नसला, तरी विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथेच भरते. तेथे कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. मच्छीमार सहकारी संस्थांच्या दप्तरांच्या आधारे शासनाने कोळ्यांच्या वतीने दावे दाखल करावेत. आणि होड्यांच्या विम्याचे हप्ते बंदरशुल्कातून भरले जावेत, असा आग्रह केंद्राकडे धरावा. धोका जे निर्माण करतात, त्यापासूनच्या संरक्षणाचा खर्चही त्यांनीच सोसला पाहिजे.