मस्टरवर नसलेली सिस्टर

जून महिन्यात शाळा उघडल्या की पालकांच्या हाती माहितीपुस्तिका पडते. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे. संगणककक्ष आहे, डिजिटल फळा आहे, कुठे पोहण्याचा तलावही आहे. शेवटच्या पानावर एका कोपऱ्यात ओळ असते, 'वैद्यकीय कक्षाची सोय'. या ओळीपाशी कोणी थांबत नाही. थांबून तो कक्ष प्रत्यक्ष पाहिलाच, तर बहुतेक ठिकाणी एक लोखंडी खाट, तिच्यावर रेक्झिनची गादी आणि भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी एवढा ऐवज आढळतो. माणूस नसतो. मी ज्या बँकेत चौतीस वर्षे काढली, तिथल्या एका शाखेतही अशीच पेटी होती. किल्ली हेड कॅशियरच्या खणात आणि आतल्या आयोडीनची मुदत उलटून गेलेली. तपासणीला आलेले साहेब 'पेटी आहे' एवढे टिपून पुढे जात.

शाळेत परिचारिका हवी, असे म्हटले की माझ्या वयाची मंडळी लगेच विचारतात, 'आमच्या वेळी कुठे होती सिस्टर? आम्ही नाही का मोठे झालो?' झालो, हे खरे. पण जे झाले तेच आज हा प्रश्न विचारायला शिल्लक आहेत. जन्मतः हृदयात छिद्र असलेले मूल, फिट्स येणारे मूल, ज्याच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही असे मूल, यांतली कितीतरी मुले तेव्हा शाळेपर्यंत पोचतच नसत. पोचली तर घरी बसवली जात. आज औषधांनी आणि शस्त्रक्रियांनी त्यांना बाकावर आणून बसवले आहे. वैद्यकशास्त्र पुढे गेले, शाळा मात्र त्या लोखंडी खाटेपाशीच थांबली.

आमच्या भागातल्या एका शाळेच्या फाटकासमोर कट्टा आहे. मधल्या सुट्टीच्या आधी तिथे एक तरुण बाई येऊन बसत. पर्समध्ये ग्लुकोमीटर आणि इन्शुलिनचे पेन. मुलगी दुसरीत. सुट्टीची घंटा झाली की फाटकाशी मुलीचे बोट टोचायचे, साखर पाहायची, इन्शुलिन द्यायचे, डबा खाताना लांबून पाहायचे आणि घरी जायचे. यापायी त्यांनी नोकरी सोडली होती. मी शाळेबद्दल काहीतरी कडक बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, शाळेचं तरी काय चुकलं? वर्गात साठ मुलं. बाईंना हे कुणी शिकवलंय का?"

बाईंना शिकवलेले नाही, आणि शिकवायचे म्हटले तरी एका शिक्षिकेवर किती ओझे टाकायचे? खिचडीचा हिशेब, निवडणुकीची यादी, जनगणना हे सारे तिच्याच डोक्यावर. २०२० मध्ये केंद्र सरकारने शाळा-आरोग्याचा नवा कार्यक्रम आणला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करायचे ठरले. आहार, स्वच्छता, व्यसने या विषयांवर शिक्षकाने बोलावे हे उत्तमच. पण बोलणे वेगळे आणि आकडी आलेल्या मुलाला कुशीवर वळवून, तोंडात काहीही न कोंबता, घड्याळाकडे पाहत शांत उभे राहणे वेगळे. बालहक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले, की मधुमेही मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार शाळेत साखर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावे, मध्येच खाऊ द्यावे. परवानगी मिळाली, हेही थोडे नाही. पण सात वर्षांच्या मुलीला परवानगीइतकाच एक जाणता हातही लागतो.

हा हात शाळेत आला कसा, याची हकीकत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधली आहे. तिथे १८९७ पासून डॉक्टर शाळांत जाऊन मुले तपासू लागले होते. खुपऱ्या, खरूज, नायटा, डोक्यातल्या उवा असे काही दिसले की मुलाला घरी पाठवायचे, असा नियम. मुले घरी जात आणि गल्लीत त्याच वर्गमित्रांबरोबर खेळत. बोटीतून नुकत्याच उतरलेल्या गरीब आईबापांना डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नसे. आली तरी काय करायचे हे ठाऊक नसे. वस्तीत सेवाकार्य करणाऱ्या लिलियन वॉल्ड या परिचारिकेला हे दिसत होते. डोक्यावरच्या इसबापायी प्रत्येक वेळी परत पाठवल्यामुळे बारा वर्षांचा होऊनही शाळेत न बसलेला एक मुलगा तिच्या पाहण्यात होता. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये तिने आपल्या संस्थेतली लिना रॉजर्स ही परिचारिका, पगार संस्थेच्या पदरचा देऊन, महिनाभर चार शाळांत पाठवली.

लिना रॉजर्सने केले ते काम अगदी साधे होते. शाळेतच मलम लावले, आणि संध्याकाळी मुलांच्या घरी जाऊन आयांना ते कसे लावायचे ते दाखवले. महिन्याभरात शहराच्या आरोग्य मंडळाला पटले आणि त्यांनी स्वतःच्या पैशाने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारापायी शाळेतून घरी पाठवलेल्या मुलांचा आकडा १०,५६७ होता. पुढच्या सप्टेंबरात तो १,१०१ वर आला. मी आयुष्यभर ताळेबंद वाचले. एका वर्षात एवढी घसरण दाखवणारा आणि तरीही आनंद देणारा आकडा क्वचितच पाहिला. डॉक्टर तर आधीपासून येतच होते. रोग ओळखणे आणि तो बरा होणे यांच्यामध्ये जी रिकामी जागा होती, तिथे एक माणूस उभा राहिला.

आपल्याकडेही आरंभ काही फार उशिरा झाला नव्हता. भारतात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, बडोद्यात. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात सक्तीचे शिक्षण आणले होते. मूल शाळेत आणण्याची सक्ती करणाऱ्याने त्याच्या प्रकृतीचीही जबाबदारी घ्यायची, हा राजधर्म त्यांना कळत होता, असे मला वाटते. त्यानंतर मात्र अहवालच अहवाल. १९४६ च्या भोर समितीने शाळा-आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच असे लिहिले. १९६० मध्ये खास याच विषयासाठी समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला.

आजचा मोठा कार्यक्रम म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याचा आरंभ आपल्याच पालघरला झाला. दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असे पथक गाडीतून येते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता, वाढीतले अडथळे यांची तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलाला पुढे पाठवले जाते. या पथकांमुळे हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेली, ऐकू येऊ लागलेली मुले खेडोपाडी आहेत. त्यांच्या आईबापांना हा कार्यक्रम काय आहे हे विचारावे. पण पथक संध्याकाळी निघून जाते. चिठ्ठी मुलाच्या दप्तरात राहते. जिल्ह्याच्या गावी जायचे तर बापाची दोन दिवसांची मजुरी बुडणार, पहिल्या खेपेस डॉक्टर भेटले नाहीत तर चार दिवसांची. दुसऱ्या आठवड्यात 'गेला होतात का? नाही? मग मी येते बरोबर' असे म्हणणारे कोणी शाळेत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९०२ च्या आधी जी जागा रिकामी होती, तीच ही.

या जागेवर कोणाला बसवायचे, हा प्रश्न आला की प्रमाणपत्राचा विषय निघतो. रुग्णालयातली उत्तम परिचारिका शाळेत तितकीच उत्तम ठरेल असे आपण गृहीत धरतो. रुग्णालयात तिच्या मागे डॉक्टर असतो, हाताशी यंत्रे असतात, आणि समोरचा माणूस आजारी आहे हे आधीच ठरलेले असते. शाळेत ती एकटी. गणिताच्या तासाआधी रोज पोटात दुखणारा मुलगा खरोखर आजारी आहे, गणिताला भितो आहे, की घरून उपाशी आला आहे? 'लक्ष देत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलीला ऐकू तर कमी येत नाही? पहिल्यांदा पाळी आलेली, घाबरून रडणारी मुलगी. अंगावरच्या वळांची काहीतरीच कारणे सांगणारे मूल. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवणे बंधनकारक आहे, आणि असा संशय पहिल्यांदा येण्याची जागा बहुधा तीच लोखंडी खाट असते. हे सारे तीन-चार वर्षांच्या परिचर्येच्या शिक्षणात ओझरते येते.

म्हणून अमेरिकेत १९९१ मध्ये शाळा-परिचारिकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्रमाणन मंडळ निघाले. आधी नोंदणीकृत परिचारिका असायला हवे, वर शाळेतल्या कामाची परीक्षा द्यायची, आणि प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर शिक्षकांना जशी शासनाची अर्हता लागते तशी शाळेतल्या परिचारिकेलाही लागते. पण नुसत्या प्रमाणपत्राने भागत नाही, हेही तिथेच दिसले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे चारातल्या एका शाळेत परिचारिकाच नव्हती. नंतर चित्र सुधारले, तरी परीक्षा तयार आणि खुर्ची रिकामी अशी अवस्था श्रीमंत देशातही येऊ शकते.

आपल्याकडे नेमके उलटे. जिथे खुर्ची आहे तिथे परीक्षा नाही. जवाहर नवोदय विद्यालयांत परिचारिकेचे नियमित पद आहे, ही फार चांगली गोष्ट. २०२४ च्या जाहिरातीत त्यासाठी परिचर्येची पदवी, परिषदेकडची नोंदणी आणि किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला अडीच वर्षांचा अनुभव मागितला होता. अनुभव खाटांचा; मुलांचा नव्हे. केंद्रीय विद्यालयांत बहुतेक ठिकाणी दरवर्षी मुलाखती घेऊन कंत्राटावर परिचारिका नेमतात. तिने मुलांची नावे आणि दुखणी पाठ करावीत तोवर मार्च येतो. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, वृद्धसेवा अशा विषयांचे पदविकोत्तर अभ्यासक्रम आखले आहेत. शाळेला त्या यादीत जागा नाही.

आणि काही खाजगी शाळांत पांढरा कोट घालून बसवलेली मुलगी असते. तिला सगळे 'सिस्टर' म्हणतात. तिने कुठल्याशा संस्थेत सहा महिन्यांचा वर्ग केलेला असतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी नसते. दोष तिचा नाही, ती पोटासाठी आलेली. पण लाखाच्या घरात फी भरणारे आईबाप बसच्या ड्रायव्हरचा परवाना पाहायला मागतात, तसे 'सिस्टरची नोंदणी आहे का?' हेही विचारू शकतात. मुख्याध्यापकांना राग आला तर येऊ द्यावा.

बँकेत सी.ए.आय.आय.बी.ची परीक्षा होती. ती उत्तीर्ण झाले की वेतनवाढ मिळे, म्हणून चाळिशीतली माणसेही मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर रात्री पुस्तक उघडून बसत. वेतनवाढ नसती तर कोणी बसले असते का, याची मला शंका आहे. शाळा-परिचर्येचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम परिषदेने आखावा. त्यात नजर व श्रवणाची तपासणी, वाढीचे तक्ते, दमा, आकडी, मधुमेह, सिकलसेल, किशोरवयातले मन, कायदा, नोंदवही आणि आईबापांशी बोलण्याची रीत असावी. पण पद, वेतनश्रेणी आणि बढती आधी ठरवावी. नाहीतर भिंतीवर टांगायला आणखी एक कागद होईल, आणि तो विकणारी दुकाने गल्लोगल्ली निघतील.

पैशांचे काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. तो माझा जुना धंदा आहे. वीस पटाच्या जिल्हा परिषद शाळेला स्वतंत्र परिचारिका देता येणार नाही, हे उघड आहे. पण अनेक शाळांचे मिळून एक केंद्र आणि त्याला एक केंद्रप्रमुख, ही रचना आपल्याकडे आहेच. प्रत्येक केंद्राला एक परिचारिका दिली, तिचे वार ठरवून दिले, तर पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजणार नाही. शहरातल्या मोठ्या शाळेला मात्र पूर्णवेळ परिचारिका परवडत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. माहितीपुस्तिकेच्या गुळगुळीत कागदाला किती पैसे लागतात, हे मी जाणतो.

खरी अडचण पैशाइतकीच फाइलीची आहे. आरोग्य खाते म्हणते, शाळा आमच्या नव्हेत. शिक्षण खाते म्हणते, परिचारिका आमच्या नव्हेत. एक ठिकाण मात्र असे आहे की जिथे ही सबब चालत नाही. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. तिथे मूल शिकतेच असे नव्हे, तर राहते. रात्री दोन वाजता ताप चढला तर जवळ आई नाही. अधीक्षिका आहे, आणि तिच्यावर शेकडो मुलींचा भार आहे. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. अशा मुलाचे सांधे थंडीत किंवा पाणी कमी पडले की असह्य दुखू लागतात, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला तो कामचुकारपणा वाटतो. आश्रमशाळांतल्या मृत्यूंची चौकशी करायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली राज्यात समिती नेमावी लागली होती. या शाळांची इमारत, स्वयंपाकघर, वसतिगृह, शिक्षक हे सारे आदिवासी विकास या एकाच खात्याच्या अखत्यारीत येते. प्रत्येक शाळेच्या मस्टरवर परिचारिकेचे एक नाव चढवायचे तर निदान तिथे फाइलीला दुसऱ्या मजल्यावर जावे लागणार नाही.