मोटारीत आईची मांडी पुरेशी नाही

आता तालुक्याच्या गावातही बऱ्याच घरांपुढे चारचाकी उभी दिसते. गाडी घेताना आपण मायलेज पाहतो, रंग पाहतो, नवी सीट कव्हरे घालतो, बोनेटला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. घरातले तान्हे मूल मात्र पुढच्या सीटवर आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर बसते. विचारले तर उत्तर ठरलेले: "मी घट्ट धरलंय की!" बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या उत्तराचीच भीती वाटते.

कारण साधे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी झाडावर आदळली की ती क्षणार्धात थांबते, पण आतली माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा वेग म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखा. त्या क्षणी १० किलोचे बाळ हातांना दीडशे-दोनशे किलोचे होते. कोणत्या आईला ते पेलेल? येथे माया कमी पडत नाही, हातांची ताकद कमी पडते. आईने पट्टा लावलेला नसेल तर तिचाच भार मुलावर येतो. दोघांभोवती मिळून एकच पट्टा बांधणेही तितकेच घातक.

अमेरिकेतील टेनेसी राज्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट सँडर्स यांच्या पाठपुराव्यामुळे १९७७ साली मुलांच्या सुरक्षा-आसनाचा कायदा झाला. त्या देशातला हा असा पहिला कायदा. पण त्यात एक सवलत घुसली: मोठ्या माणसाने हातात धरलेले मूल चालेल! विरोधकांनी त्या कलमाला 'मूल चिरडणारे कलम' असे नाव दिले. अखेर १९८१ मध्ये ते रद्द झाले.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४-ब आले. १४ वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेले नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. माझा आक्षेप त्या 'किंवा'ला आहे. मोठ्यांचा पट्टा दोन वर्षांच्या मुलाला लावला की तो खांद्याऐवजी मानेवर आणि कंबरेऐवजी मऊ पोटावर येतो. कागदावर कायदा पाळला जातो, पण मूल सुरक्षित होत नाही. युरोपात मुलाची उंची १५० सेंटिमीटर, काही देशांत १३५, होईपर्यंत योग्य आसन सक्तीचे आहे. आपल्या कायद्यानेही वयाबरोबर उंची पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर पालकांनी स्वतः एवढे पाहावे:

१) जन्मापासून साधारण १३ किलोपर्यंत बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असेल अशी सीट घ्यावी. किमान १५ महिन्यांपर्यंत तरी सीट उलटी फिरवू नये. तान्ह्याचे डोके शरीराच्या लांबीच्या चौथा हिस्सा असते आणि मान नाजूक. अशा सीटमध्ये धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो.

२) पुढे साधारण १८ किलोपर्यंत पाचपदरी पट्ट्याची सीट. त्यानंतर ३६ किलोपर्यंत बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचा पट्टा खांद्यावर व कंबरेवर नीट बसवणारी सीट.

३) सीटवर आर-४४ किंवा आर-१२९ या मानकाची खूण पाहावी. विकत घेण्यापूर्वी आपल्याच गाडीत बसवून पाहावी. पट्ट्याजवळ धरून हलवली तर ती इंचभराहून जास्त हलता कामा नये.

४) सीट मागच्या बाकावरच लावावी. पुढे एअरबॅग चालू असताना उलट्या तोंडाची सीट तेथे कधीही लावू नये. एअरबॅग फुगताना बाळाच्या डोक्यामागे जबर धक्का बसतो.

५) अपघातात सापडलेली जुनी सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आपल्यातील बहुतेकांचा प्रवास दुचाकीवर असतो, तेही येथे सांगायला हवे. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा व मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहेच. नऊ महिन्यांखालील बाळाला दुचाकीवर नेऊच नये, असा माझा सल्ला आहे.

"एवढा खर्च कशाला? चार दिवसांची तर गोष्ट," असे आजी-आजोबा म्हणतात. चांगल्या सीटला काही हजार रुपये पडतात, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा आसनामुळे अपघातातील तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतात. लसीचा डोस चुकू नये म्हणून आपण तारखा लिहून ठेवतो, मग याच बाबतीत हात आखडता का? प्रसूतिगृहांनी बाळ-बाळंतिणीला घरी सोडताना हे जरूर सांगावे. आणि बारशाला मामा, आत्या, मावशी यांनी पाच-सहा झबली आणि खेळणी आणण्यापेक्षा वर्गणी काढून एक चाइल्ड सीट द्यावी. पुढे ती धाकट्या भावंडालाही उपयोगी पडेल.