डिस्कची भोके आणि पॅडची पारख

स्पोर्ट्स कारच्या ब्रेकची डिस्क आणि पॅड बदलायची वेळ आली की पहिला आग्रह होतो तो भोके पाडलेल्या डिस्कचा. पूर्वपक्ष असा: भोकांतून हवा खेळते, डिस्क लवकर निवते, पॅडमधून सुटणारा वायू निघून जातो, आणि नामांकित गाड्यांना कारखान्यातूनच अशा डिस्क येतात.

वायूचा मुद्दा एके काळी खरा होता. जुन्या पॅडमधली राळ तापली की तिचा वायू होई आणि त्याचा थर पॅडला डिस्कवर नीट टेकू देत नसे. आजच्या पॅडमध्ये हे प्रमाण फार कमी आहे. जे उरते त्याला डिस्कवरचे उथळ चर पुरेसे आहेत.

निवण्याच्या दाव्याला हिशेबानेच उत्तर देता येते. माझ्दा मियाटा ही हलकी दोन आसनी गाडी घ्या. कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर तिच्या शर्यती वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. एक टन वजनाची अशी गाडी ताशी 160 किलोमीटरवरून 60 वर आणायची, तर सुमारे 850 किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तिचा साधारण 70 टक्के भार पुढच्या दोन चाकांवर पडतो, म्हणजे प्रत्येक डिस्कच्या वाट्याला जवळपास 300 किलोज्यूल येतात. चार किलोची बिडाची डिस्क एवढ्याने, एकाच ब्रेकमध्ये, सुमारे 150 अंशांनी तापते. हे सगळे काही सेकंदांत घडते आणि तेवढ्यात हवा फारशी उष्णता उचलू शकत नाही. ती साठवायला लागते धातूचे वस्तुमान. भोके नेमके तेच कमी करतात. शिवाय पुनःपुन्हा तापून निवताना ताण भोकांच्या कडांवर एकवटतो आणि तिथून केसासारख्या बारीक तडा निघतात. एका भोकाची तड शेजारच्या भोकाला भिडली की ती डिस्क काढून टाकण्याखेरीज इलाज नाही.

पोर्शच्या 911 ला भोकांची डिस्क असते, हे खरेच आहे. पण ती डिस्क मुळात मोठी असते, भोकांची जागा विचारपूर्वक ठरवलेली असते, आणि पावसात पॅडला पकड लवकर मिळते हा तिचा खरा फायदा आहे. साध्या डिस्कला बाजारात भोके पाडून त्यातले काहीच साधत नाही.

मोठी डिस्क बसवली की गाडी कमी अंतरात थांबते, हा दुसरा समज. मूळ ब्रेक चाके जाम करू शकत असतील, तर थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते. मोठ्या डिस्कचा लाभ दिसतो दहाव्या-विसाव्या ब्रेकला, कारण तिच्यात उष्णता जास्त मावते. 1994 साली मियाटाला 1.8 लिटरचे इंजिन आले, तेव्हा पुढची डिस्क 235 वरून 255 मिलिमीटरची झाली आणि मागचीही त्याच बेताने वाढली. केवळ पुढची वाढवली की ब्रेकचा भार पुढे सरकतो आणि मागची चाके आपला वाटा उचलत नाहीत.

यापुढचा विषय पॅडचा, आणि खरा निर्णय इथेच आहे. सर्वांत कडक रेसिंग पॅड सर्वांत चांगला, ही समजूत रस्त्यावर घातक ठरू शकते. असा पॅड 500-600 अंशांवरही पकड सोडत नाही, पण थंड असताना त्याची पकड कमी असते. सकाळी गल्लीतून बाहेर पडताना कुणी आडवे आले, तर गाडी अडवायची ती त्याच थंड पॅडने. उलट रस्त्यावरचा पॅड ट्रॅकवर नेला तर काही फेऱ्यांतच तो तापून पकड सोडतो आणि पॅडल कितीही दाबले तरी गाडी आवरत नाही. पॅडवर छापलेली दोन अक्षरेही इथे पुरत नाहीत. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, पहिले अक्षर सामान्य तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. पण ही चाचणी सुमारे 345 अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे ट्रॅकवरच्या उष्णतेत काय होईल ते त्या अक्षरांतून कळत नाही. त्यासाठी निर्मात्याने दिलेला तापमानाचा आलेख पाहावा. गाडी रोज रस्त्यावर आणि क्वचित ट्रॅकवर चालत असेल, तर पॅडचे दोन संच ठेवून ट्रॅकवर जाताना बदलणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

त्याला जोड हवी ती सपाट किंवा चर असलेल्या, पूर्ण वजनाच्या, चांगल्या बिडाच्या डिस्कची आणि ताज्या ब्रेक ऑइलची. डॉट 4 चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की पॅडल थेट तळाला जाते आणि महागडी डिस्क काही कामाची राहत नाही.

डिस्कच्या आतली पाती वक्र असतील तर डावी-उजवी वेगळी असते. गाडी पुढे जाताना पाती मागे झुकलेली हवीत, तरच हवा मध्यातून ओढून बाहेर फेकली जाते. वरच्या चरांची दिशा पाहून डिस्क लावणे चूक. बसवण्यापूर्वी हबवरचा गंज घासून काढावा, नाहीतर डिस्क किंचित तिरकी बसते.

पॅडल थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असे निदान गॅरेजमध्ये सर्रास होते. शर्यतींच्या गाड्यांचे अभियंते कॅरोल स्मिथ यांनी ते ठामपणे खोडून काढले होते: बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा पदार्थ कमीजास्त चिकटलेला असतो. म्हणून नवे पॅड लावल्यावर आधी डिस्कशी रुळवून घ्यावेत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, ओळीने काही ब्रेक मारावेत आणि मग ब्रेक न लावता गाडी चालवत डिस्क निवू द्यावी. तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून गाडी उभी करू नये. पॅड जिथे टेकतो तिथेच त्याचा ठसा उमटतो.