टिपचा आकडा बस सुटायच्या आधी ठरवा

डिसेंबर लागला की कॉलेजच्या गेटबाहेर पहाटे पहाटे ट्रॅव्हल्सच्या बस उभ्या दिसायला लागतात. कुणाची आयव्ही, कुणाची स्टडी टूर, कुणाची डिपार्टमेंटची सहल. त्याआधी ग्रुपवर महिनाभर चर्चा रंगलेली असते. खिडकीची सीट कुणाला, प्लेलिस्ट कुणाची, पहिल्या दिवशी काय घालायचं, सगळं ठरतं. कॉन्ट्री किती, तेही ठरतं. कॉन्ट्रीच्या पुढचे पैसे मात्र ठरत नाहीत. रोजचा वरखर्च किती होईल आणि ज्यांच्या भरवशावर आपण तीन-चार दिवस फिरणार, त्या ड्रायव्हर काकांना आणि क्लीनरला शेवटी काय द्यायचं, हे दोन्ही प्रश्न ‘बघू तिथे गेल्यावर’ म्हणून मागे टाकले जातात आणि बस सुटते.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की हे दोन आकडे बस सुटायच्या आधी कागदावर यायला हवेत. न ठरलेल्या पैशाचा भार नेहमी कमी बोलणाऱ्यावर पडतो. सहलीत असे दोघे असतात. एक म्हणजे आपल्याच वर्गातला, मोजके पैसे घेऊन आलेला मित्र किंवा मैत्रीण. दुसरा म्हणजे बसचा क्लीनर.

आधी वर्गातल्या त्या मित्राबद्दल. घरून कसेबसे कॉन्ट्रीचे पैसे आणलेले असतात आणि ‘आता सगळं यातच आहे’ असं त्यानं आई-बाबांना सांगितलेलं असतं. मग रस्त्यात रोज नवी वर्गणी निघते. तिकिटाचे इतके, गाईडचे इतके, रात्रीच्या आइस्क्रीमचे इतके. हा मुलगा ढाब्यावर बसमधून उतरतच नाही. ‘भूक नाही रे’, ‘पोट ठीक नाही’ अशी कारणं सांगतो. आपण ती खरी मानतो, कारण तसं मानणं सोयीचं असतं. पुढच्या वर्षी तो सहलीला नावच देत नाही. पूर्ण खर्च पहिल्याच मीटिंगला सांगितला असता, तर त्यानं तयारी केली असती किंवा निदान मोकळेपणानं नाही म्हटलं असतं.

पूर्ण खर्च म्हणजे किती? एक ओळखीची टूर घेऊ. पुण्याहून निघून छत्रपती संभाजीनगर, वेरूळ आणि अजिंठा, तीन दिवस. ‘साइटसीइंग समाविष्ट’ या शब्दांत बऱ्याचदा फक्त बसनं नेणं-आणणं येतं, तिकिटं नाही. वेरूळ आणि अजिंठा इथे भारतीय पर्यटकाला प्रत्येकी ४० रुपये तिकीट आहे. देवगिरीचा किल्ला आणि बीबी का मकबरा इथे प्रत्येकी २५. झाले १३०. अजिंठ्याला आपली बस लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूर फाट्यावर ती थांबते आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसनं जावं लागतं, तिचं तिकीट वेगळं. गाईडचे पैसे गटामागे असतात, ते डोक्यावर वाटायचे. हे सगळं मिळून माणशी ३०० धरा. चहा-नाश्त्याचे दिवसाला ८० म्हणजे २४०. पॅकेजमध्ये नसलेली दोन जेवणं, ४००. टिपसाठी दिवसाला २० प्रमाणे ६०. बेरीज बरोबर १,००० रुपये. याशिवाय ५०० रुपये अडीअडचणीसाठी, त्यांना हात लावायचा नाही. हिमरू शाल किंवा आणखी काही घ्यायचं असेल तर ते ज्याचं त्यानं बघावं. तुमच्या गावाप्रमाणे आकडे बदलतील, पण ओळी याच राहतील. आणि हो, अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. चुकीचा वार निवडला तर सगळ्यांचेच पैसे वाया जातात.

वरखर्चात सगळ्यांत नकळत जाणारा पैसा पाण्याचा. वीस रुपयांच्या पाच बाटल्या रोज, म्हणजे तीन दिवसांत माणशी ३००. पंचेचाळीस जणांच्या बसचे झाले १३,५००! प्रत्येकानं घरून बाटली आणली आणि बसमध्ये वीस लिटरचे जार चढवले, तर हा खर्च खूपच खाली येतो. प्लॅस्टिकचा ढीगही कमी होतो. तीच गोष्ट ढाब्याची. हायवेवरच्या बऱ्याच मोठ्या ढाब्यांवर बस थांबवली की ड्रायव्हर-क्लीनरला जेवण फुकट मिळतं, आणि ते आपल्या थाळीच्या दरातून वसूल होतं. यात ड्रायव्हरला दोष देण्यासारखं काही नाही. पण कुठे थांबायचं हे त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठरवता येतं. त्या दोघांचं जेवण आपल्याबरोबर, आपल्या खर्चानं, असं सांगून बघा. साध्या, स्वस्त खानावळीसमोरही बस थांबते.

आता क्लीनरबद्दल. बस अरुंद गल्लीत मागे घेताना पत्र्यावर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा तो. डिकीत पंचेचाळीस बॅगा लावणारा तो. घाटात कुणाला उलटी झाली तर पाणी मारून ते साफ करणारा तोच. आपण हॉटेलात झोपतो, तेव्हा ही दोघं बऱ्याच वेळा बसमध्येच झोपतात, आणि आपण उठायच्या आत बस धुतलेली असते. या टूरमध्ये ड्रायव्हर सातशे किलोमीटरच्या वर गाडी चालवतो. तरीही टिपचा विषय निघतो तो परतीच्या रात्री, कॉलेज दहा मिनिटांवर आलेलं असताना. सगळे अर्धवट झोपेत. कुणीतरी टोपी फिरवतं. कुणी दहा टाकतं, कुणी ‘सुटे नाहीत’ म्हणतं, कुणी ‘यूपीआय चालेल का’ विचारतं. मग एक जण ड्रायव्हर काकांचा स्कॅनर शोधून जमेल तेवढे पैसे पाठवतो. क्लीनरला त्यातलं किती मिळालं, हे बघायला कुणी थांबत नाही.

हेच पैसे कॉन्ट्रीबरोबर माणशी ६० प्रमाणे आधीच घेतले असते, तर पंचेचाळीस जणांचे २,७०० रुपये जमले असते. साठ रुपये म्हणजे तीन पाण्याच्या बाटल्या. त्यातून १,२०० ड्रायव्हरला, ९०० क्लीनरला आणि उरलेले ६०० हॉटेलात सामान उचलणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या मुलांना, अशी वाटणी होऊ शकते. हा काही सरकारी दर नाही, तुम्ही कमी-जास्त करा. पण आकडा आधी ठरला की कुणी किती टाकले याची कुजबुज होत नाही, आणि ज्याच्याकडे कमी आहेत त्याला टोपीसमोर मान खाली घालावी लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. ‘पगार ट्रॅव्हल्सवाल्यानं द्यावा, आम्ही का?’ बरोबर आहे. पगार आणि भत्ता देणं ही मालकाचीच जबाबदारी. टिपवर मजुरी सोपवली की काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. तिथे टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी संघराज्याच्या कायद्यातला मालकानं द्यायचा किमान रोख दर १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकला आहे. बाकीची भर गिऱ्हाइकाच्या टिपमधून पडेल, असं धरलेलं आहे. आपल्याला तिकडे जायचं नाही. म्हणून कोटेशन घेतानाच दोन प्रश्न विचारा. ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता यात धरला आहे का? त्यांच्या मुक्कामाची सोय काय? उत्तर लेखी घ्या. भत्ता हा त्यांचा हक्क. टिप ही आपली खुशी, कामाबद्दलची दाद. एकानं दुसऱ्याची जागा घेऊ नये.

आणि टिपचा एक वापर तर अजिबात होऊ नये. ‘काका, आज रात्रीच मारा ना गाडी, वर देऊ काहीतरी.’ एक दिवसाचं हॉटेल वाचतं, म्हणून हे वाक्य सहलीत हमखास ऐकू येतं. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाकडून त्याची झोप विकत घ्यायची, असा त्याचा अर्थ होतो. त्या बसमध्ये आपणच बसलेले असतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये आपल्याकडे कायदा झाला, तेव्हाच दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा आखली होती. युरोपात कोचच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती घ्यावीच लागते. आपल्या टूरच्या वेळापत्रकात ड्रायव्हरची झोप कुठे आहे, हे निघण्याआधी बघा. रात्रीचा प्रवास टळत नसेल तर दुसरा ड्रायव्हर मागा आणि त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. वेग वाढवायला, नो-पार्किंगमध्ये थांबायला, झोप मोडायला दिलेल्या पैशाला टिप म्हणू नका.

हे सगळं जमवायला कॉमर्सची डिग्री लागत नाही. दोन खजिनदार नेमा, एकानं पैसे सांभाळावेत, दुसऱ्यानं लिहावेत. सगळ्यांना लागणारा खर्च कॉमन पॉटमधून, बाकी हौसमौज टीटीएमएम. आइस्क्रीम नको असेल त्याला कारण विचारू नका. रोज रात्री हिशेबाचा फोटो ग्रुपवर टाका. उरलेले पैसे सगळ्यांना सारखे परत द्या. वर्गात कुणाची अडचण असेल तर सर किंवा मॅडमच्या कानावर घाला, ग्रुपवर नाव नको.

टिपचे पैसे निघतानाच पन्नास-शंभरच्या नोटांत काढून दोन पाकिटांत ठेवा. ड्रायव्हरचं वेगळं, क्लीनरचं वेगळं. द्यायची जागा म्हणजे परतीचा शेवटचा चहाचा स्टॉप, जिथे सगळे जागे असतात आणि खाली उतरलेले असतात. नावानं हाक मारा, ज्याचं त्याच्या हातात द्या आणि आभार माना. तीन दिवस बरोबर राहून क्लीनरचं नाव माहीत नसेल, तर पाकीट देण्याआधी ते विचारून घ्या.

पहिल्या नोकरीत, पहिल्या भाड्याच्या खोलीत, पुढे कधी परदेशी टूरवर, जिथे माणशी रोजची टिप आधीच भरून घेतात, तिथेही हीच सवय उपयोगी पडेल. आपल्या मजेमागे कुणाचे कष्ट आहेत ते ओळखणं आणि त्यांचा वाटा सुरुवातीलाच बाजूला काढणं. यंदा तुमच्या डिपार्टमेंटची मीटिंग होईल, तेव्हा कॉन्ट्रीच्या आकड्याखाली वरखर्च आणि टिप अशा आणखी दोन ओळी लिहायला सीआरला सांगा.